श्रावण, पण कोणता?

"विमान छान झालंय. पण हे कधीचं?"

विचारणारे काका हवाईदलातून निवृत्त झालेले. बोलणं कमी, नजर तिखट. पुण्यात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो. सगळे प्लास्टिकची विमानं, रणगाडे, जहाजं जोडणारे. घरचे त्यांना खेळणी म्हणतात, आम्ही मॉडेल म्हणतो. तो वाद काही मिटत नाही. त्या रविवारी मी टेबलावर ठेवलं होतं ते टायगर मॉथ, दुसऱ्या महायुद्धातलं दुपंखी शिकाऊ विमान, बहात्तरास एक या प्रमाणात. म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम साडेबारा सेंटिमीटर.

"बेगमपेठचं," मी म्हणालो. "आजोबा तिथे होते."

"कुठलं ते नाही विचारलं. कधीचं?"

"युद्धातलं."

"युद्ध सहा वर्षं चाललं." काकांनी विमानाच्या कुशीवरच्या चक्राकडे, हवाईदलाच्या गोल खुणेकडे, बोट केलं. "आणि हा तांबडा ठिपका तिथे सहा वर्षं नव्हता."

चहा आला, विषय बदलला. माझं मात्र तोंड उतरलं. कारण ठिपका मी किटच्या पाकिटातून जसाच्या तसा उचलून चिकटवला होता. किटमध्ये विमानाच्या भागांबरोबर डेकल येतात, पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यासारख्या खुणा. ते होते इंग्लंडातल्या विमानाचे. बाहेर निळं कडं, आत पांढरं, मधे तांबडा ठिपका. मी रंग इंग्लंडचा लावला आणि नाव बेगमपेठचं दिलं.

आजोबांचं सांगतो. ते सोलापूरचे. आधी कापडगिरणीत होते, युद्ध सुरू झाल्यावर हवाईदलात रिगर म्हणून लागले. पगार बरा आणि गिरणीची धूळ नाही, एवढाच त्यातला देशाभिमान, असं ते स्वतःच म्हणायचे. रिगरचं काम विमानाच्या सांगाड्याचं, तारांचं आणि कापडाचं. हो, कापडाचं. टायगर मॉथचे पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले, आणि कापडावर डोप नावाचं द्रावण चोपडायचं, म्हणजे ते आवळून नगाऱ्यासारखं ताठ होतं. गिरणी सुटली तरी कापड सुटलं नाही, असं आजी म्हणायची. आजी आणखीही एक सांगायची: ते सुटीवर आले की त्यांच्या ट्रंकेतून पिकल्या केळ्यांचा वास यायचा. घरात केळी कुठेच नसायची. तो डोपचा वास.

हैदराबादच्या बेगमपेठला तेव्हा एक क्रमांकाची प्राथमिक उड्डाणशाळा होती. दोन क्रमांकाची जोधपूरला. तिथे पोरं टायगर मॉथवर हात बसवायची आणि मग पुढच्या शाळेत, अंबाल्याला वगैरे, मोठ्या विमानांवर जायची. सोलापूरकराला बेगमपेठ जवळचं. आजोबा तिथे १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत होते.

त्या दिवसांचा एकच फोटो घरात उरला आहे. एक टायगर मॉथ नाकापासून शेपटीपर्यंत आडवं उभं, आणि त्याच्या कुशीला टेकून आजोबा. अर्धी चड्डी, पांढरी बंडी, डोक्यावर टोपी, गुळगुळीत चेहरा, ढगाळ उजेड. उजवं कोपर विमानावर असं टेकवलंय की मागे लिहिलेला विमानाचा नंबर बरोब्बर झाकला गेलाय. फोटोच्या पाठीवर दोन शब्द, मोडीत. ते मला वाचता येईनात. मोडी शिकवणाऱ्या एका बाईंना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून एका दमात वाचले: "बेगमपेठ. श्रावण."

साल नाही. माणसाने गाव लिहावं, महिना लिहावा, साल लिहू नये! पण ज्याला तो फोटो घरी पाठवायचा होता त्याला साल माहीत होतंच.

म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर १९४२, ४३, ४४, ४५ या चार श्रावणांपैकी एक. आणि ते फोटोतूनच काढायचं.

फोटो २४०० डीपीआयवर स्कॅन केला. कुशीवरचं चक्र मोठं करून पाहिलं. बाहेर गडद कडं, मधे फिकट राखाडी गोळा. पांढरं कडं कुठेच नाही.

काळ्या-पांढऱ्या फोटोतून रंग ओळखणं हा एक वेगळाच सापळा आहे. त्या काळी दोन तऱ्हांची फिल्म चालायची. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा दिसतच नाही, त्यामुळे तांबडा जवळजवळ काळा उमटतो, पिवळाही गडद पडतो, आणि निळा मात्र फिकट. पँक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात, म्हणून तिच्यावर पिवळा उजळ येतो. पिवळीजर्द शिकाऊ विमानं जुन्या फोटोंत काळपट दिसतात आणि लोक त्यांना हिरवी समजून रंगवतात, ते यामुळेच. चक्राचा मधला भाग कडेपेक्षा फिकट, म्हणून मी ठरवून टाकलं: फिल्म ऑर्थो, तर मधला भाग तांबडा असूच शकत नाही. झालं! रात्री साडेअकराला मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नजर पंख्यावर गेली. टायगर मॉथचा पुढचा पंखा लाकडी. युद्धात त्याच्या पात्यांची टोकं पिवळी रंगवायचे, फिरत्या पंख्यात कोणी जाऊ नये म्हणून. फोटोत पातं काळं आणि टोक स्वच्छ उजळ दिसत होतं. पिवळा उजळ, म्हणजे फिल्म पँक्रोमॅटिक! आदल्या रात्रीचा सगळा निकाल रद्द. पँक्रोवर युद्धातला तो विटकरी तांबडा निळ्यापेक्षा जरा फिकटसुद्धा उमटू शकतो. बायकोला हे मी सांगितलं नाही.

मग वेगळ्या बाजूने गेलो. ब्रिटिश हवाईदलाच्या चक्रांचे प्रकार होते. नुसतं तांबडं-निळं, पांढऱ्याशिवायचं चक्र असायचं, पण ते वरच्या पंखाच्या पाठीवर. वरून शत्रूला चटकन दिसू नये म्हणून. कुशीवर मात्र पांढरं असायचंच. १९४२ च्या मध्यापासून ते पांढरं कडं बारीक केलं, पण काढलं नाही. शेपटीच्या उभ्या पात्यावरही तीन पट्टे: तांबडा, पांढरा, निळा. नव्या नियमात चोवीस इंची चौकोनात मधला पांढरा फक्त दोन इंचांचा. दोन इंच का होईना, चुन्यासारखा पांढरा पट्टा फोटोत चमकणारच. मी शेपटी मोठी केली. दोनच भाग. एक गडद, एक फिकट. मधे काही नाही.

उरला एक संशय: फिकट भाग नुसता पांढरा तर नाही? त्याला उत्तर आजोबांनीच अंगात घातलं होतं. बंडी. बंडी फोटोत शुभ्र आहे आणि चक्राचा मधला भाग तिच्यापेक्षा स्पष्ट मळकट. म्हणजे पांढरा नाही, फिकट निळा. गडद निळ्यात फिकट निळा, तांबड्याचा मागमूस नाही. आमच्या मंडळींत याला 'सीॲक' म्हणतात. आग्नेय आशियाच्या दोस्त कमांडच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. ती कमांड माउंटबॅटनच्या हाताखाली १९४३ च्या नोव्हेंबरात उभी राहिली, पण तांबडा पुसायला सुरुवात तिच्या आधीपासूनची, १९४२ मधली.

कारण सरळ होतं. जपानी विमानांवर मोठा तांबडा गोळा. आकाशात वेगाने जाणाऱ्या विमानावर तोफेमागच्या माणसाला दिसतो तो फक्त तांबडा ठिपका. भोवती निळं कडं आहे की नाही हे बघेपर्यंत गोळी सुटलेली असते. अमेरिकेने आपल्या चांदणीच्या मधला तांबडा ठिपका मे १९४२ मध्ये काढला. ऑस्ट्रेलियानेही आपल्या चक्रातला तांबडा पुसून निळं-पांढरं ठेवलं. आपल्याकडे तांबड्यावर आधी पांढरा फासला, पण पांढरा लांबूनच डोळ्यांत भरतो, मग पांढऱ्यात निळा कालवून फिकट निळा केला. त्याची छटा जागोजाग वेगळी.

बेगमपेठच्या बिचाऱ्या टायगर मॉथला जपानी विमान कुठे भेटणार होतं, असं मला आधी वाटलं. पण ६ एप्रिल १९४२ ला जपान्यांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब टाकले होते. हैदराबादहून ते काही परदेशात नाही. आणि हुकूम सरसकट असतो. तो लढाऊ विमान आणि शिकाऊ विमान असा भेद करत बसत नाही.

इतकं झाल्यावर १९४२ चा श्रावण मी मनातून खोडला. तांबडा जाऊन पांढरा आणि पांढरा जाऊन निळा, हे सगळं तेवढ्यात बेगमपेठपर्यंत पोचलं असेल असं वाटेना. तीन श्रावण उरले, आणि चक्राकडे सांगण्यासारखं आणखी काही नव्हतं.

ते तसंच ठेवून मी नवीन किट मागवलं. जुनं दुरुस्त करता आलं असतं, पण डेकल खरवडताना रंग निघतो आणि मग प्रत्येक चुकीवर दुसरी चूक. त्यापेक्षा कोरं बरं.

जोडणीबद्दल फार सांगत नाही. दुपंखी विमानाला खालचा पंख आधी, वरचा अगदी शेवटी. मधल्या दांड्या सरळ बसल्या नाहीत तर विमान दारू प्यायल्यासारखं दिसतं. माझं पहिलं तसंच होतं, काकांनी सौजन्याने उल्लेख केला नाही. या वेळी वरचा पंख रंगवून झाल्यावरच लावायचा ठरवलं, कारण खरी गंमत, आणि खरी डोकेदुखी, रंगात होती.

शिकाऊ विमानाच्या रंगात दोन उलटे हुकूम एकत्र नांदतात. नवशिका वैमानिक आकाशात कुठेही असू शकतो, म्हणून बाकीच्यांना तो लांबून दिसला पाहिजे, त्यासाठी पिवळा. पण युद्धात तळावर रांगेत उभी पिवळी विमानं वरून शत्रूला वाढून ठेवलेलं ताट. त्यासाठी मातकट आणि हिरवा. ब्रिटिशांनी तोड काढली: पाठ मातीच्या आणि पानाच्या रंगाची, पोट पिवळं. लपायचं वरून, दिसायचं खालून. कॅनडात मात्र शत्रूचं विमान पोचण्याचा प्रश्न नव्हता, तिथे राष्ट्रकुलाच्या प्रशिक्षण योजनेतली हार्वर्ड विमानं नखशिखांत पिवळी. त्या योजनेतून १,३१,५५३ वैमानिक आणि विमानांवरचे इतर लोक तयार झाले, बहुतेक सगळे पिवळ्या विमानांतून. अमेरिकन नौदलाची शिकाऊ दुपंखीही पिवळी, आणि शिकणारी पोरं त्यांना 'पिवळं संकट' म्हणायची.

जपान्यांचा रंग नारिंगी. त्यांच्या नौदलाच्या के-५-वाय या दुपंखी शिकाऊ विमानाला लोक 'आकातोम्बो' म्हणत, म्हणजे लाल चतुर, भादव्यात शेतांवर भिरभिरतो तो. युद्ध हरत आलं तेव्हा त्याच चतुरांची पाठ गडद हिरवी रंगवून त्यांना आत्मघातकी हल्ल्याला पाठवलं. २९ जुलै १९४५ ला ओकिनावाजवळ अशाच एका लाकूड-कापडाच्या विमानाने 'कॅलहन' ही अमेरिकन विनाशिका बुडवली. नारिंगी होतं तोवर शाळा, हिरवं झालं की मरण. हे वाचल्यापासून शिकाऊ विमानावर हिरवा लावताना हात जरा अडखळतो.

माझ्या विमानावर मात्र आधी पिवळा. आणि इथेच माझं पहिलं तंगडं अडकलं. नेहमीच्या सवयीने राखाडी प्रायमर मारला आणि त्यावर एअरब्रशने पिवळा. पिवळा रंग मुळात पातळ स्वभावाचा, खालचं झाकत नाही. राखाडीवर पिवळा बसला आणि पोट कावीळ झालेल्या पालीसारखं हिरवट दिसायला लागलं. दुसरा हात मारला, तिसरा मारला. हिरवटपणा जाईना, उलट रंगाचा थर इतका जाड झाला की पंखावरच्या कापडाखालच्या बरगड्यांच्या रेघाच बुजल्या. सगळं थिनरने धुतलं. दोन संध्याकाळी पाण्यात गेल्या.

मग एकाने युक्ती सांगितली: पिवळ्याखाली गुलाबी. ऐकायला वेडगळ वाटतं. पण फिकट गुलाबीवर पिवळा दोन हातांत उभा राहिला, ऊबदार, अंड्याच्या बलकाकडे झुकणारा. शिकाऊ विमानाचा पिवळा लिंबासारखा नसतोच, त्यात थोडी केशरी झाक असते. मधल्या एका संध्याकाळी गुलाबी विमान खिडकीत वाळत होतं. शेजारची मुलगी म्हणाली, हेच ठेवा ना काका.

दुसरं संकट हवेचं. जुलै महिना, पुण्यात झिमझिम, घरात कपडे वाळत नाहीत अशी ओल. लॅकरचा मातकट रंग मारला आणि दहा मिनिटांत त्यावर पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर. द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतली वाफ त्याच्यावर बसून रंगात अडकते. इंग्रजीत याला लाजणं म्हणतात. मला तर रंगाने तोंडाला राख फासल्यासारखं वाटलं. मी चरफडत खिडक्या लावत होतो तेव्हा आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे आजोबांची थोरली, ऐंशी ओलांडलेली, सोलापुरात असते. मी सांगितलं, पावसामुळे रंग धरत नाही.

"मग अण्णांनाही धरत नसे," ती म्हणाली. "आई सांगायची ना. ओल आली की डोप पांढरा पडतो, काम बंद. म्हणून श्रावणात त्यांची पत्रं जास्त यायची. रिकामे बसायचे."

डोपही तसाच लाजतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकात पत्रं नव्हती. तर असा तो फोटो: श्रावणातली ओल, काम बंद, रिकामा माणूस विमानाला टेकून उभा.

मी पाऊस उघडायची वाट पाहिली. एक कोरडी दुपार मिळाली तेवढ्यात पाठीचे रंग उरकले. इथे एक बारकावा आहे जो मला फार आवडतो. दुपंखी विमानात वरचा पंख खालच्यावर सावली पाडतो. त्यामुळे वरून पाहिलं तर दोन्ही पंखांना एकच रंग दिला असूनही खालचा जास्त गडद दिसतो, आणि कडा उठून येते. म्हणून वरच्या पंखाला गडद मातकट आणि गडद हिरवा, पण खालच्या पंखाच्या पाठीला तेच दोन रंग फिकट करून. म्हणजे सावलीचा हिशेब रंगात आधीच चुकता. फोटोत खालचा पंख सावलीत असूनही पाठीपेक्षा उजळ दिसतो, तेव्हा बेगमपेठच्या या विमानाला हा हिशेब लागू होता. एका माणसाने कचेरीत बसून हे ठरवलं असणार आणि दुसऱ्याने, आजोबांसारख्या, बेगमपेठच्या उन्हात चार डबे वेगळे ठेवून ते पाळलं असणार. मी चार बाटल्या ठेवल्या, आणि एकदा चुकून गडद हिरवा खालच्या पंखावर मारलाच.

आता चक्र. बाजारात सीॲकचे तयार डेकल मिळतात, पण मला मापाचं हवं होतं. टायगर मॉथची लांबी जवळपास चोवीस फूट. फोटोत चक्राचा व्यास त्या लांबीच्या साधारण बाराव्या भागाएवढा, म्हणजे दोन फूट. बहात्तरने भागलं तर साडेआठ मिलिमीटर, आणि मधला ठिपका साडेतीनच्या आसपास. एवढी वर्तुळं मास्किंग टेपमधून कापायची तर कंपासला पातं लावलेलं कटर लागतं, आणि श्वास रोखावा लागतो. साडेतीन मिलिमीटरचा गोळा म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याएवढा. अकरा कापले, चार बरे निघाले.

इथे माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. खऱ्या विमानावर तांबडा आधी होता, मग झाकला गेला. तर मीही तसंच करायचं. आधी इंग्लंडचं चक्र, तांबड्या ठिपक्यासह, नीट, वाळू दिलं. मग ठिपका आणि त्याभोवतीचं आतलं कडं पांढऱ्याने झाकलं. मग तेवढ्या मधल्या भागावर फिकट निळा, तोही ब्रशने, एअरब्रशने नाही, कारण फोटोत मोठं करून पाहिलं तर मधल्या गोळ्याची कड अगदी थोडी वाकडी आहे. हाताने काढलेल्या रांगोळीतल्या ठिपक्यासारखी. कंपासने मारलेलं चक्र तसं येत नाही. कोणीतरी डबा आणि ब्रश घेऊन, डोळ्याच्या अंदाजाने ते केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो फिकट निळ्यात जांभळी झाक. तांबडा खालून वर आला होता. तांबडे रंग असे फुटतात, वरचा थर कितीही द्या, थोडेसे झिरपतातच. पुन्हा पांढरा, पुन्हा निळा. आठवड्याने पुन्हा झाक. तिसऱ्यांदा मी ब्रश हातात घेतला आणि ठेवून दिला. राहू दे.

तारा ओढून झाल्या (किटच्या उरलेल्या काड्या मेणबत्तीवर ताणून केलेल्या, एकेक केसाएवढी), वरचा पंख बसला, पंख्याची टोकं पिवळी झाली. इंग्लंडातल्या टायगर मॉथांच्या पाठीवर विषारी वायू आला तर रंग बदलणारा एक चौकोन असायचा. फोटोत तो नाही, मीही नाही लावला. नंबराची जागा तेवढी कोरी ठेवली. खोटा नंबर टाकणं जिवावर आलं.

सप्टेंबरात आत्याकडे गेलो तेव्हा विमान शंकरपाळ्यांच्या डब्यात कापूस घालून नेलं, सोबत फोटोची मोठी केलेली प्रत. आत्याने विमान हातावर घेऊन आधी नाकाला लावलं. "केळ्याचा वास नाही येत," म्हणाली. मग फोटो घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली. मी तिला चक्र दाखवत होतो, तांबडा कसा गेला, निळा कसा आला, बंडीवरून कसं कळलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "अण्णांची मिशी कुठाय?"

मी भिंतीवर पाहिलं. तिथे आजोबांचे तीन फोटो. लग्नातला, मध्यमवयातला, शेवटचा. तिन्हींत झुपकेदार मिशी. माझ्याही आठवणीत मिशीशिवायचे आजोबा नाहीत.

"त्यांनी मिशी एकदाच काढली," आत्या म्हणाली. "त्यांचे वडील गेले तेव्हा. आषाढात. टोपी बघ कशी खाली ओढलीय, खाली तुळतुळीत असणार सगळं. मुंबईच्या गोदीत तो स्फोट झाला ना, त्याच साली. आई दोन्ही गोष्टी एका दमात सांगायची."

मुंबई गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४. आषाढानंतर श्रावण. दोन श्रावण खोडायला मला चक्र, शेपटी, फिल्म, पंखा, बंडी काही पुरलं नव्हतं.

"मग तुला हे आधी का नाही विचारलं मी?"

"तू रंग विचारलेस," आत्या म्हणाली आणि शंकरपाळे कुठे आहेत ते विचारलं.

पुढच्या रविवारी टेबलावर विमान ठेवलं. काकांनी चष्मा बदलला, वाकून पाहिलं, पंखाखाली पाहिलं.

"कधीचं?"

"श्रावण १९४४."

"कशावरून?"

"मिशीवरून."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत विमानाकडे. चक्रावरची जांभळी झाक त्यांना दिसली असणारच, पण ते काही बोलले नाहीत. शेपटीकडच्या कोऱ्या जागेवर मात्र बोट थांबलं.

"आणि इथला नंबर?"

"त्याच्यावर आजोबांचं कोपर आहे," मी म्हणालो.